पहिला दाब

औषधाशी त्याचा संबंध खोकल्याच्या बाटलीपुरताच, तरी त्या गल्लीत सगळे त्याला वैद्य म्हणत. दुकान सायकल दुरुस्तीचं. नाव ठेवलं होतं शेजारच्या चावीवाल्याने, आणि त्याला कारण होतं. गिऱ्हाईकाने सायकल आणली की हा आधी काही विचारायचाच नाही. हँडलपाशी उभा राहायचा, मान जराशी तिरकी करायचा, ब्रेकच्या लिव्हरवर तर्जनी ठेवून ती तीनचार वेळा चटचट दाबायचा आणि शेवटच्या दाबावर बोट तसंच ठेवून नाडी बघितल्यासारखा थांबायचा. मग म्हणायचा, "पॅड संपलेत." नाहीतर, "डिस्क वाकडी आहे." नाहीतर, "तेल कधी बदललं होतं, आठवतंय का?" दहात नऊ वेळा ते खरं निघायचं. दहाव्या वेळी काय निघायचं, हे कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं.

तारेचे ब्रेक जाऊन तेलाचे आले तेव्हा त्या भागातल्या दोनतीन मिस्त्रींनी हात टेकले. तारेचं कसं, सैल झाली तर डोळ्यांना दिसते. तेलाचं सगळं काम झाकलेलं. लिव्हरच्या डोक्यात तेलाची एक इवलीशी टाकी असते, तिथून बारीक नळी चाकापर्यंत जाते, आणि तिथे कॅलिपरमध्ये, म्हणजे चाकाशेजारच्या चिमट्यात, बसलेले दोन दट्टे त्या तेलाच्या जोरावर पॅड चाकाच्या तबकडीवर, डिस्कवर दाबतात. तेल दबत नाही, म्हणून ब्रेक लागतो. पण नळीत हवेचा बुडबुडा शिरला की सगळं बिघडतं, कारण हवा दबते. लिव्हर स्पंजासारखी मऊ लागते आणि चाक आपलं फिरत राहतं. वैद्य हे सगळं वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी शिकला. कोणी शिकवणारं नव्हतं. एक ब्रेक सतरा वेळा उघडला, कपडे तेलात बुडवले, बायकोची बोलणी खाल्ली आणि शिकला. त्यामुळे आपल्या बोटाचा त्याला थोडा जास्तच अभिमान होता. आणि तो अभिमान, खरं सांगायचं तर, गल्लीनेही जोपासला होता.

घरात मात्र कौतुक दुसऱ्याच एका माणसाच्या बोटाचं होतं. ते म्हणजे वहिनींच्या.

वहिनी म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची बायको. एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेण्याचं काम त्या एकवीस वर्षं करत होत्या. अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं, केमोथेरपीने शिरा आत गेलेले रुग्ण, सुई बघूनच रडायला लागणारी मुलं, हे सगळं त्यांच्या वाट्याला यायचं, कारण दुसऱ्या कोणाला ते जमायचं नाही. कोपराच्या आत बोट टेकवायच्या, किंचित सरकवायच्या, डोळे अर्धे मिटायच्या आणि म्हणायच्या, "सापडली." शीर डोळ्यांना दिसायची गरजच नसायची. रुग्णांच्या घरचे लॅबला फोन करून सांगायचे, त्याच बाईंना पाठवा.

थोरला भाऊ गेला तेव्हा वहिनी अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या. तोवर सकाळची फेरी त्याच्या स्कूटरवर मागे बसून व्हायची. तो गेल्यावर बस आणि पायपीट सुरू झाली. तीन महिने त्यांनी ते केलं, आणि एका रविवारी दिराला म्हणाल्या, "भावजी, मला सायकल शिकवा."

वैद्यला वाटलं, गंमत करतात. गंमत नव्हती. शाळेच्या रिकाम्या मैदानावर सहा रविवार तो सीट धरून त्यांच्या मागे पळाला. वहिनी पूर्णवेळ दम देत असायच्या, "सोडलंत तर बघा हं. सांगून ठेवते, सोडायचं नाही." सहाव्या रविवारी त्याने न सांगता सोडलं. वहिनी मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत त्याला दम देतच गेल्या, आणि तिथे वळून बघतात तर हा शंभर पावलं मागे, कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभा. नंतर कितीतरी दिवस ही गोष्ट त्यांनी प्रत्येक रुग्णाच्या घरी सांगितली. सुई टोचताना माणूस हसत असला की हात सैल पडतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

सायकल त्याने स्वतः जुळवली. जुनी पण चांगली फ्रेम आणली, रंग दिला, मागे नमुन्यांच्या पेटीसाठी कॅरियर बसवला आणि ब्रेक मुद्दाम तेलाचे घातले. एका बोटाने लागणारा ब्रेक. ज्या बाईची बोटं म्हणजे तिची भाकरी, तिने ती तारेचा ब्रेक ओढण्यात का झिजवावीत, हा त्याचा विचार. फ्रेम लहान होती, म्हणून पुढच्या ब्रेकची नळी थोडी कापून पुन्हा तेल भरलं. त्या संध्याकाळी वहिनी दुकानात बसूनच होत्या, दुसऱ्या दिवसापासून सायकल हवी होती. तेल भरल्यावर हँडल वरखाली, आडवंतिडवं करून, नळीवर टिचक्या मारून उरलासुरला बुडबुडा बाहेर काढावा लागतो. ते त्याने त्या दिवशी भरभर उरकलं. लिव्हर तीनचार वेळा दाबली, दगडासारखी कडक लागली, आणि सायकल वहिनींच्या हातात दिली.

पाच वर्षं त्या सायकलने एकदाही तक्रार केली नाही. मधे तो पॅड बदलायचा, साखळी बदलायचा. पुढच्या ब्रेकच्या तेलाला हात लावायची वेळच आली नाही.

वहिनी तळमजल्यावर दोन खोल्यांत राहायच्या आणि सायकल जिन्याखाली असायची. मग इमारतीच्या मालकाने जिन्याखाली काही ठेवायला मनाई केली. सायकल घरात घ्यायची तर दारापासून स्वयंपाकघरापर्यंतचा बोळ एवढा अरुंद, की सायकल उभी केली तर माणसाला आडवं होऊन जावं लागेल. वैद्यने भिंतीला एक भक्कम हूक ठोकून दिला. मागच्या चाकावर सायकल उभी करायची आणि पुढचं चाक वर हुकात अडकवायचं. सायकल भिंतीला टेकून, मागच्या पायांवर उठलेल्या घोड्यासारखी उभी. वहिनी खूश झाल्या. तोही झाला.

आठवड्याभरातच त्या दुकानात आल्या. म्हणाल्या, "भावजी, पुढचा ब्रेक कधीकधी मऊ लागतो."

"कधी?"

"सकाळी. म्हणजे नेहमी नाही. पहिल्यांदा दाबला की."

वैद्यने मान तिरकी केली, बोट ठेवलं, चटचट तीनचार वेळा दाबलं. लिव्हर कडक. पॅड बघितले, चांगले होते. डिस्क पुसून दिली आणि सांगितलं, काही नाही, धूळ बसली असेल. दहा दिवसांनी त्या पुन्हा आल्या, तेव्हा एक दट्टा दुसऱ्यापेक्षा थोडा हळू सरकतोय असं त्याला वाटलं. त्याने चाक काढून दोन्ही दट्टे साफ केले. तिसऱ्या वेळी त्याने सायकल दुकानातच ठेवून घेतली, लिव्हर हँडलला रबराने आवळून रात्रभर बांधून ठेवली आणि सकाळी पाहिलं. कडक. वहिनी न्यायला आल्या तेव्हा चावीवाला बाहेर स्टुलावर बसून चहा पीत होता आणि दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती.

वहिनी पुन्हा तेच म्हणाल्या, "इथे कडकच लागतो. घरी मऊ लागतो."

चावीवाला म्हणाला, "वैद्यबुवा, पेशंटला माहेरी बरं वाटतंय आणि सासरी दुखतंय."

सगळे हसले. वैद्यही हसला, पण त्याला ते टोचलं. तिसरी खेप, घरचं माणूस आणि चार लोकांसमोर. लिव्हरवर बोट ठेवून तो म्हणाला, "वहिनी, ब्रेक ठणठणीत आहे. आता ब्रेककडे नको, हाताकडे बघा. पन्नाशी उलटली की बोटांतला जोर सकाळी सकाळी येत नाही. आमचंही तेच होतं."

शेवटचं वाक्य त्याने गोडवा यावा म्हणून घातलं होतं. त्याच्या बोटांना काही झालेलं नव्हतं.

वहिनींनी वाद घातला नाही. त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं, मूठ मिटली, उघडली आणि म्हणाल्या, "असेल." आणि सायकल घेऊन गेल्या.

खरं तर त्याने तिथेच थांबून एक गोष्ट विचारायला हवी होती. सायकल घरी ठेवता कशी? पण ते त्याला माहीतच होतं. हूक त्यानेच ठोकला होता.

पुढच्या महिन्यात वहिनी पडल्या. फाटकातून रस्त्यावर उतरायला छोटासा उतार होता. सकाळी साडेसहाला त्या उतारावर त्यांनी ब्रेक दाबला आणि लिव्हर मऊ जाऊन सरळ हँडलला टेकली. समोर उभ्या टेम्पोला कॅरियर घासून त्या आडव्या झाल्या. कोपर सोललं, गुडघा सुजला. पेटी अजून रिकामी होती, म्हणून नमुन्यांचं नुकसान टळलं. वैद्य आणि त्याची बायको धावत गेले तेव्हा वहिनी पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या आणि स्वतःच स्वतःला मलम लावत होत्या. ब्रेकबद्दल चकार शब्द नाही. एवढंच म्हणाल्या की दाबायला गेले आणि हाताने दगा दिला.

बायको घरी येताना म्हणाली, "अहो, त्या एवढ्या वेळा सांगत होत्या, तुम्ही नीट बघितलंत ना?" तो म्हणाला, तीनदा बघितलं. ते खोटं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तो सायकल न्यायला गेला. कॅरियर वाकला होता, तो सरळ करायचा होता. वहिनी स्वयंपाकघरात होत्या. बोळातल्या अंधारात त्याने हुकावरून पुढचं चाक सोडवलं. जागा इतकी चिंचोळी की सायकल खाली घेताना हँडल धरायला नीट हात जाईना, म्हणून त्याने लिव्हरसकट मूठ आवळली. लिव्हर सरळ हँडलला जाऊन टेकली.

तो जागच्या जागी थांबला. दुसऱ्यांदा दाबली, अर्ध्यावर अडली. तिसऱ्यांदा दाबली, कडक. चौथ्यांदा दगड.

आयुष्यभर गिऱ्हाइकाची सायकल समोर आली की त्याने तीनचार वेळा लिव्हर चटचट दाबली होती, आणि मग बोट ठेवून निदान केलं होतं. पहिला दाब त्याने कधी घेतलाच नव्हता. घेतला तरी ऐकला नव्हता. ती सवय इतकी जुनी होती, की हात धुताना आपण आधी नळ सोडतो हे जसं कोणाच्या लक्षात राहत नाही, तसं ते दाबणं त्याच्या लक्षातही नसायचं. आणि वहिनी तीन वेळा नेमकं पहिल्या दाबाबद्दलच सांगत होत्या.

त्याने सायकल पुन्हा हुकाला लावली. स्वयंपाकघरातून वहिनींनी चहा आणला. तो प्यायला, बोलला, काय बोलला ते त्याला आठवत नाही. पंधरावीस मिनिटांनी पुन्हा उतरवली आणि दाबली. पुन्हा तेच. आता त्याला नळीच्या आत बघितल्यासारखं सगळं दिसत होतं. लिव्हरच्या टाकीत पाच वर्षं एक बुडबुडा बसून होता. सायकल सरळ उभी असेपर्यंत तो वरच, टाकीत, निरुपद्रवी. सायकल उलटी टांगली, पुढचं चाक वर गेलं, की टाकी आडवी होते आणि बुडबुडा नळीतून वर कॅलिपरकडे चढतो. सकाळी खाली घेतलं की पहिला दाब हवेत जातो. मग रस्त्याचे हादरे, दोनचारदा दाबणं, आणि दुकानात येईपर्यंत बुडबुडा परत टाकीत. बुडबुडा कोणी ठेवला? त्याने. हूक कोणी ठोकला? त्याने.

"काय झालं भावजी, एवढं काय बघताय?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "टायर बसलाय जरा."

दुकानात नेऊन त्याने ब्रेक नव्याने भरला. हँडल सोडून आडवं केलं, तिरकं केलं, नळीवर टिचक्या मारत खालपासून वरपर्यंत गेला. मटारच्या दाण्याएवढा एक बुडबुडा वर आला आणि फुटला. बस, एवढाच. मग छताच्या कडीला सायकल उलटी टांगून ठेवली आणि सकाळी उतरवून पहिला दाब घेतला. कडक. ब्रेक दुरुस्त झाला होता. सांगायचं राहिलं होतं.

रविवारी सांगू, असं त्याने ठरवलं. मनात वाक्यंही जुळवली. रविवारी तो गेला, तेव्हा वहिनींनी टेबलावर एक कागद ठेवला होता. लॅबच्या डॉक्टरांना लिहिलेला. घरोघरी जाऊन नमुने घेणं आता आपल्याने होणार नाही, हाताचा भरवसा राहिलेला नाही, टेबलावरचं नोंदणीचं काम असेल तर द्यावं.

एका पडण्याने एवढं काय, असं काहीतरी तो म्हणाला. वहिनींनी मान हलवली. पडण्याचं नाही, म्हणाल्या. त्या दिवशी दुकानातून आल्यापासून त्या हाताकडे लक्ष ठेवून होत्या. त्या महिन्यात एका आजोबांना दोनदा टोचावं लागलं. एका बाईंना तीनदा. पूर्वी असं कधी झालं होतं का, हे आठवत बसायच्या, आणि आठवायचं की झालंही असेल, पण तेव्हा मोजलं नव्हतं. आता मोजायला लागल्या होत्या. मोजायला लागलं की बोट थांबतं, आणि थांबलेल्या बोटाला शीर सापडत नाही.

"तुम्ही स्पष्ट सांगितलंत ते बरं केलंत," वहिनी म्हणाल्या. "दुसरं कोणी तोंडावर बोललं नसतं. कोणाच्या तरी हाताची नस बिघडवून बसले असते, मग?"

त्यांनी आभार मानले. तिथेच त्याची जुळवलेली वाक्यं राहून गेली. ज्या बोलण्याबद्दल माणूस आभार मानतो, ते खोटं होतं असं कसं सांगायचं, हा त्या क्षणीचा प्रश्न. नंतर त्याने स्वतःला निरनिराळी कारणं दिली. अर्ज जाऊ दे, डॉक्टर थोडेच मंजूर करणार आहेत. मंजूर झाला तर, आराम मिळेल, वय झालंच आहे. सायकल परत देताना सांगू. पण वहिनींनी सायकल परत मागितलीच नाही. ती दुकानाच्या मागच्या भिंतीला उभी राहिली, आणि तो येताजाता तिच्याकडे पाठ करून काम करायला शिकला.

आपलं चुकलं हे गल्लीला कळेल याची भीती त्याला नव्हती असं नाही. पण तेवढंच असतं तर तो बोलला असता. खरी भीती वेगळी होती. सांगितलं, तर वहिनी आपल्याकडे कशा बघतील, ते त्याला बघायचं नव्हतं.

असे चार महिने गेले.

एके दिवशी एक कुरिअरवाला आला. ब्रेक कधी लागतो, कधी नाही, वैतागला होता. दोन दुकानं फिरून आला होता. वैद्यचा हात लिव्हरकडे गेला आणि मधेच थांबला. हात मागे घेऊन त्याने विचारलं, "सायकल रात्री ठेवता कशी?" कुरिअरवाला म्हणाला, गॅलरीत, उलटी, चाकं वर करून. वैद्य म्हणाला, तशीच उलटी करा इथे. चहा पिऊन या. चहा होईपर्यंत सायकल उलटी राहिली, मग सरळ करून त्याने एकच दाब घेतला. लिव्हर हँडलला टेकली. अर्ध्या तासात काम झालं आणि कुरिअरवाला त्याचे गोडवे गात गेला.

चावीवाला हे सगळं आपल्या टपरीतून बघत होता. कानसाने चावी घासता घासता तो म्हणाला, "मानलं बुवा. दोन दुकानांना नाही कळलं." थोडं थांबून म्हणाला, "तुझ्या वहिनींची पण अशीच काहीतरी तक्रार होती ना रे? घरी मऊ, इथे कडक. घरी उलटीच टांगत होत्या की, तूच सांगितलं होतंस."

त्याच्या आवाजात खोच नव्हती. सहज आठवलं म्हणून बोलला. पण वैद्यने दुपारीच दुकानाचं शटर ओढलं, जे त्याने लग्न आणि मयत सोडून कधी केलं नव्हतं, आणि सरळ वहिनींच्या घरी गेला.

वहिनी नुकत्याच लॅबमधलं नोंदणीचं काम संपवून आल्या होत्या. उभ्याउभ्याच त्याने सगळं सांगितलं. बुडबुडा, हूक, आपली तीनचारदा दाबायची सवय. ब्रेकचं सांगताना तो भरभर बोलला, कारण ते त्याला येत होतं. मग म्हणाला, "तुमच्या हाताला काही झालं नव्हतं. तुम्ही सांगत होतात ते शब्द न् शब्द बरोबर होतं."

वहिनी ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं. "तुम्हाला कळलं कधी?"

हा प्रश्न येणार हे त्याला माहीत होतं. "तुम्ही पडलात त्याच्या तिसऱ्या दिवशी."

"म्हणजे टायर बसलाय म्हणालात तेव्हा."

"हो."

"म्हणजे मी अर्ज द्यायच्या आधी."

"हो वहिनी."

बोळातल्या हुकाला आता सायकल नव्हती, तिथे वहिनींनी छत्री अडकवली होती. त्या म्हणाल्या, "राग यायला हवा मला. बसा, येईल थोड्या वेळाने." आणि किंचित हसल्या, आणि ते हसणं बघण्यापेक्षा त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं, असं त्याला झालं.

तो म्हणाला, मी डॉक्टरांकडे येतो, सगळं सांगतो. तुमचं काम तुम्हाला परत मिळायला हवं.

"काय सांगणार? ब्रेकमध्ये हवा होती म्हणून बाईंनी सुई खाली ठेवली?" वहिनी म्हणाल्या. "हसतील हो." मग अगदी साध्या आवाजात, "डॉक्टरांनी तर मला दोनदा विचारलं. मीच नको म्हटलं. काम गेलेलंच नाहीये भावजी. माझं मलाच आता पटत नाही. तुम्ही म्हणालात हाताला काही झालेलं नव्हतं, ते मला कळतंय. कानांना कळतंय. हाताला कोण सांगणार?"

जाताना त्याने सायकल आणून देऊ का, म्हणून विचारलं. असू दे तुमच्याकडेच, म्हणाल्या. रविवारी जेवायला या, बायकोला पण घेऊन या, असंही म्हणाल्या. वहिनींनी संबंध तोडला नाही. आवाज चढवला नाही. पुढच्या रविवारी तो आणि बायको जेवायला गेले, तेव्हा वाढताना त्यांनी नेहमीसारखा आग्रहही केला. फक्त पूर्वी काही बिघडलं, मिक्सर म्हणा, इस्त्री म्हणा, की त्या आधी दिराला फोन करायच्या. आता पलीकडच्या दुकानात नेऊन टाकायच्या. ते त्याला महिन्याभराने कळलं, तेही बायकोकडून.

हिवाळ्याच्या सुरुवातीला त्याला साखर तपासायला सांगितली. दुसरी लॅब जवळ होती, पण तो मुद्दाम वहिनींच्या लॅबमध्ये गेला. सकाळची वेळ, बाकावर सातआठ माणसं. टेबलामागे वहिनी. त्यांनी त्याचं नाव, वय लिहून घेतलं, उपाशीपोटी ना, म्हणून विचारलं, आणि नळीवर चिकटवायची चिठ्ठी काढली. सगळं दुसऱ्या कोणाचं करावं तसं, पण आवाज मऊ.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "तुम्ही घ्या ना."

"त्या घेतील. चांगल्या आहेत," असं म्हणून त्यांनी पडद्याकडे बोट केलं.

पडद्यामागे त्यांच्या जागी आलेल्या बाई होत्या. तिशीच्या, कामसू, हात स्वच्छ. दंडाला पट्टा आवळून त्यांनी शोधलं, थोपटलं, टोचलं. रक्त आलं नाही. माफी मागून त्यांनी दुसरीकडे टोचलं. तेही नाही. आयुष्यभर पान्हे आवळून वैद्यचे हात राठ झाले होते, कातडी जाड, शिरा कुठेतरी खोल. बाईंच्या कपाळावर घाम आला. तो म्हणाला, होऊ द्या, घाई नाही. टोचल्याचं दुखणं त्याला लागतच नव्हतं.

पडदा बाजूला झाला. वहिनी आल्या. त्याच्याकडे न बघता त्यांनी कोपराच्या आत बोट टेकवलं. किंचित बाहेरच्या बाजूला सरकवलं. डोळे अर्धे मिटले. त्या बोटात थरथर नव्हती, शंका नव्हती, एकवीस वर्षं जसं होतं तसंच ते होतं. हे त्याला आपल्या कातडीवर समजलं.

"इथे. जरा आत आहे," त्या नव्या बाईंना म्हणाल्या आणि नखाने हलकीशी खूण केली.

बाईंनी सुई त्यांच्याकडे केली. "ताई, तुम्हीच घ्या ना मग."

वहिनींनी सुईकडे बघितलं. त्यांचा हात थोडा पुढे आलासा वैद्यला वाटला, कदाचित आला नसेलही.

"नको. तुला जमेल," त्या म्हणाल्या.

खुणेच्या जागी टोचल्याबरोबर नळीत रक्त चढू लागलं. त्याने मान वळवून बघितलं, तोवर पडदा पुन्हा पडला होता आणि बाहेरून वहिनींचा आवाज येत होता. पुढच्या माणसाला त्या त्याचं वय विचारत होत्या.